वाकडा खुंट आणि चार मिनिटं

"ओ मॅडम, आता हा कितवा सर्वे?"

मागून आवाज आला तेव्हा मी श्वास रोखून उभी होते. ट्रायपॉडवर कॅमेरा, कॅमेऱ्याच्या तोंडावर काळी काच, समोर तळं आणि तळ्यावर पसरलेलं डिसेंबरचं धुकं. शटर उघडून जेमतेम चाळीस सेकंद झाले होते. मी मागे न बघता नुसता हात वर केला. थांबा, अशा अर्थाने.

आवाज काही थांबला नाही. बांधावरून धप धप पावलं वाजत जवळ आली. मातीचा बांध तो, प्रत्येक पावलाला माझा ट्रायपॉड शहारत होता.

"रस्त्याचा झाला, रेल्वेचा झाला, गॅसच्या लाइनीचा झाला. आता काय राहिलंय? आमाला जागा द्यायची नाय, आधीच सांगून ठेवतो."

"चालू नका!"

"आमच्याच बांधावर?"

"आहात तिथेच उभे राहा. अजिबात हलू नका... तीन मिनिटं दहा सेकंद."

माझ्या आवाजात काय होतं कोण जाणे, पण तो खरंच उभा राहिला. एक पाय पुढे, एक मागे. शटर बंद झाल्याचा आवाज आला तेव्हा मी वळले. गुडघ्यापर्यंत चिखल, कानाला मफलर, हातात बादली, आणि चेहऱ्यावर भांडायला आलेल्या माणसाला मुळीच न शोभणारे हसरे डोळे. असेल सत्तावीस-अठ्ठावीसचा. तो अजून तसाच उभा होता.

"झालं. हलू शकता."

"उपकार झाले," तो म्हणाला आणि त्याने पाय जमिनीवर नीट टेकवले. "म्हणजे सर्वे नाय?"

"फोटो काढतेय."

"कशाचा?"

मी समोर बोट दाखवलं. त्याने पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. पुन्हा समोर पाहिलं.

"धुकं गेल्यावर या की. नऊ वाजता सगळं झकास दिसतं."

"सगळं दिसू नये म्हणून तर साडेसहाला आलेय."

यावर तो खो खो हसला. पुढचं पुढे सांगते.

आधी माझ्याबद्दल. मी वल्लरी. राहते नवीन पनवेलला, नोकरी तळोज्यात. बिस्किटांचे, मसाल्यांचे, वेफर्सचे पुडे छापणाऱ्या कारखान्यात रंग तपासायचं काम. दिवसभर माझ्यासमोर पुडे येतात आणि मी म्हणते, लाल कमी करा, पिवळा वाढवा, हा हिरवा मागच्या वेळचा हिरवा नाही. सहा दिवस हे केलं की सातव्या दिवशी मला आईने ताटात वाढलेली हळदीची पिवळी भाजीसुद्धा बघवत नाही. म्हणून माझे फोटो काळे-पांढरे. आणि त्यात होता होईल तेवढं काहीच नाही. पाणी, धुकं आणि फार तर एखादी काठी. बाकी सगळं मी चौकटीबाहेर काढत जाते. झाड काढ, होडी काढ, विजेचा खांब काढ. काढता काढता एक वेळ अशी येते की आणखी काही काढलं तर फोटोच उरणार नाही. तिथे थांबायचं.

आईचं, म्हणजे रमाबाईंचं, यावर स्वतंत्र मत आहे. "अगं, आपल्या हॉलच्या भिंतीचा फोटो काढला असतास तर पेट्रोल तरी वाचलं असतं. एखादं माणूस तरी असावं फोटोत!"

तर हे तळं. पळस्पे फाट्यावरून गोव्याच्या रस्त्याला लागलं की पुढे एक वाट खाडीकडे जाते. गावाचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं तर पुढच्या थंडीत तिथे पन्नास ट्रायपॉड उभे असतील. खाडीला लागून बांध घातलेली तळी आहेत, जिताडा आणि कोळंबी पाळायची. भरतीचं पाणी आत-बाहेर सोडायला बांधात फळ्यांचं एक दार असतं, त्याला उघाडी म्हणतात. या तळ्यात पाच जुने खुंट उभे होते. चार सरळ, आणि डावीकडचा पाचवा वाकडा. पलीकडच्या रिकाम्या पाण्यात काहीतरी ऐकू येतंय असा कललेला. मी तो बघितला आणि माझं ठरलंच. पुढचे सगळे रविवार इथे.

अडचण एवढीच होती की तळ्याला मालक होता. त्याचं नाव प्रणित.

दुसऱ्या रविवारी तो माझ्या आधीच बांधावर.

"उघाडी बघायला आलो," मी विचारायच्या आधीच तो म्हणाला. "तुमचं चालू द्या."

मी शटर उघडलं, आणि बिचारा अडकला. शटर उघडं असताना बांधावरून चालायचं नाही, हा नियम त्याला आता ठाऊक होता. चार मिनिटं तो माझ्या शेजारी उभा.

"चार मिनटं उघडं ठेवून होतं काय?" त्याने कुजबुजत विचारलं.

"लाटा पुसल्या जातात. पाणी दुधासारखं येतं. जे हलतं ते सगळं नाहीसं होतं."

"आन जे हलत नाय?"

"तेवढंच उरतं."

त्याने समोरच्या पाण्याकडे बघितलं. मग म्हणाला, "म्हणजे मी आत्ता समोरून पळत गेलो तर...?"

"दिसणारच नाही."

"आमच्या बारावीच्या मास्तरांकडं हा क्यामेरा पायजे होता."

मला हसू फुटलं. हसले तर ट्रायपॉड हलेल म्हणून तोंडावर ओढणी दाबली. त्याने ते पाहिलं, आणि त्यानंतर दर रविवारी नेमकं शटर उघडं असतानाच मला हसवायचं हा त्याने उद्योग करून घेतला.

अशी आमची ओळख चार-चार मिनिटांच्या तुकड्यांनी झाली. पहिल्या तुकड्यात कळलं की त्याने मत्स्यशास्त्राची पदवी घेतलीय आणि खारघरची नोकरी सोडून तो घरचं तळं बघायला परत आला. दुसऱ्यात, की तो वाकडा खुंट त्याच्या आज्याने, काशीरामने ठोकलेला. आज्याची होडी त्यालाच बांधलेली असायची, तिच्या ओढीने तो कलला. तिसऱ्यात मी त्याला सांगितलं की मला गर्दीत बोलता येत नाही, आणि एकेकट्या माणसाशी तर त्याहून नाही. "माझ्याशी बरं बोलता," तो म्हणाला. मी घड्याळात बघितलं. अजून दोन मिनिटं होती आणि मला पळून जायची सोय नव्हती.

जानेवारी लागेपर्यंत 'तुमी'चं 'तू' झालं. तळ्यातली बाटली, तरंगणारी पिशवी तो मी यायच्या आधीच काढून ठेवायला लागला. एकदा मोबाइल पुढे करत म्हणाला, "बघ, मी पण शिकलो. जिताड्याचा फोटो. चारातले तीन भाग मोकळे सोडले, तू बोललीस तसे."

"सुंदर आहे की."

"सुंदर हाय. पण गिऱ्हाईक विचारतंय मासा कुठाय."

त्याची आई, शकूकाकू, बांधाच्या टोकाला राहायची. फोटो झाले की किटलीतून चहा आणायची. "काय गो पोरी, निस्तं पानी बघून तुजं पोट भरतं का?" असं म्हणत माझ्या पिशवीत वालाच्या शेंगा कोंबायची. घरी रमाबाई शेंगा बघून खूश. या फोटोग्राफीतून पहिल्यांदाच काहीतरी निघालं, असं त्यांचं म्हणणं.

आता खरी गोष्ट सांगते, कारण ती लपवण्यात अर्थ नाही.

पनवेलमधले चारुदत्त सर छोटी छोटी प्रदर्शनं भरवतात. त्यांनी मला पहिल्यांदाच एक भिंत देऊ केली होती. सात फोटो, एकाच जागेचे, फेब्रुवारीच्या दुसऱ्या सोमवारपर्यंत हातात हवेत. जानेवारीच्या मध्यापर्यंत सहा झाले. आणि तिसऱ्या रविवारी सातवा आला. असा आला की स्क्रीनवर बघताना माझ्या हातावर काटा आला. पाणी आणि आभाळ यांच्यातली रेघच गेलेली, चार खुंट सरळ आणि पाचवा त्या पांढऱ्यात झुकलेला. काम संपलं होतं.

"कसा आला?" प्रणितने विचारलं.

आणि मी, जिने आयुष्यात रंगाच्या बाबतीतसुद्धा कुणाला खोटं सांगितलं नाही, म्हणाले, "नाही जमला रे."

का? कारण उघड आहे. सातवा जमला म्हणजे रविवार संपले. धुकंही फेब्रुवारीत विरणार. मग मी कुठल्या तोंडाने इथे येणार? वालाच्या शेंगा न्यायला? त्याच्याकडून हसण्या-चिडवण्यापलीकडे एक शब्द आला नव्हता. मला तो आवडायला लागला होता... नाही, स्पष्टच सांगते. सोमवार ते शनिवार मी वेफर्सच्या पुड्यांवर त्याचा चेहरा बघत होते. पण ते बोलायचं कसं? मला वस्तू चौकटीबाहेर काढता येतात. आत घेता येत नाहीत.

पुढच्या रविवारीही म्हणाले, नाही जमला. त्याच्या पुढच्याही.

"पण खटकतं काय तुला?" त्याने अगदी कळकळीने विचारलं. "सांग तरी."

काहीतरी सांगायला हवं होतं. "डावीकडे... डावीकडे काहीतरी खटकतंय," मी तोंडाला येईल ते ठोकून दिलं.

तो डावीकडे बराच वेळ बघत राहिला.

शेवटचा रविवार आला. दुसऱ्या दिवशी चारुदत्त सरांना फोटो द्यायचे होते. मी ठरवून आले होते की आज सांगायचं. निदान एवढं तरी, की सातवा कधीच झालाय. स्कूटी लावली, बांधावर चढले आणि समोर बघून माझ्या हातातला ट्रायपॉड खाली आपटला.

पाच खुंट. पाचही सरळ. शाळेच्या प्रार्थनेला उभे केल्यासारखे.

"बघ!" प्रणित पुढे आला. त्याचे डोळे आनंदाने नुसते चमकत होते. "काल ओहोटीला उघाडी उघडून पानी उतरवलं. दोन तास लागले. तळाशी दगड घालून पक्का ठोकला. आता डावीकडं काय खटकणार नाय."

"तू... तू सरळ केलास?"

"तुज्यासाठी."

मी त्याच्यावर ओरडले. काय काय बोलले ते मला आठवतही नाही. तो वाकडा होता म्हणून फोटो होता, बाकीचे चार तर कुठेही मिळतात, आज्याच्या होडीने वाकवलेला खुंट सरळ करायचा असतो का, तुला डोळे आहेत की नाहीत. असं सगळं. आणि बोलता बोलता मला रडू यायला लागलं, त्यामुळे तर मी जास्तच ओरडले.

तो ऐकत उभा होता. चेहऱ्यावरचं हसू पार उतरलं. मग हळूच म्हणाला, "तूच बोललीस डावीकडं खटकतं."

मी ओढणीने डोळे पुसत राहिले.

त्याने मफलर काढून बांधावर टाकला आणि सरळ पाण्यात उतरला. कमरेपर्यंत पाणी, तेही पहाटेचं गार. मी "अरे, प्रणित!" म्हणेपर्यंत खुंटापाशी पोचलाही. दोन्ही हातांनी हलवून हलवून त्याने तो सैल केला, होता तसा कलता केला आणि हात सोडला. खुंट हळूहळू आडवा झाला. पुन्हा उभा केला, पुन्हा आडवा. उकरलेला चिखल आता काही तो धरायला तयार नव्हता.

"मी धरतो!" तो तिथून ओरडला. "असाच होता ना? का अजून थोडा?"

"अजून... थोडासा डावीकडे. बस!"

"काढ मग. अजून धुकं हाय."

"तू येशील त्यात."

"मग नंतर मला काढून टाक."

"मी नंतर काही काढत नाही. जे काढायचं ते आधीच काढते."

धुक्यात मला त्याचा चेहरा नीट दिसत नव्हता. मग त्याचा आवाज आला, एकदम साधा.

"मग राहू दे मला."

मी ट्रायपॉड उभा केला. तिन्ही पाय पुन्हा पुन्हा नीट लावले. चौकटीत पाहिलं. चार खुंट, पाचवा कललेला, आणि त्याला धरून एक माणूस. मला सवय होती बघायची की यातून काय काढता येईल. त्या दिवशी कितीही बघितलं तरी काढण्यासारखं काही सापडेना.

"चार मिनिटं," मी म्हणाले. "हलायचं नाही. बोलायचं नाही. काही झालं तरी."

शटर उघडलं. आणि माझ्या लक्षात आलं की आज पहिल्यांदाच तो बोलू शकत नव्हता, आणि मी बोलू शकत होते. पाण्यावरून आवाज किती स्वच्छ जातो, ते मला दोन महिन्यांत पुरतं कळलं होतं.

पहिलं मिनिट मी नुसती उभी राहिले.

"प्रणित, तुझी चूक नाही," मग मी म्हणाले. "डावीकडे काही खटकत नव्हतं. मी खोटं बोलले."

तो हलला नाही.

"सातवा फोटो झालाय. आज नाही, तीन आठवड्यांपूर्वीच. इतका सुंदर आलाय की... पण तो झाला असं सांगितलं असतं तर मला इथे यायला कारण राहिलं नसतं. आणि मला यायचं होतं. धुक्यासाठी नाही. म्हणजे आधी धुक्यासाठी. नंतर..."

दोन मिनिटं चाळीस.

"नंतर तुझ्यासाठी. झालं, बोलले. आता तू हलायचं नाहीस, अजून एक मिनिट वीस सेकंद आहेत. तू मला आवडतोस. तुझ्या गिऱ्हाइकांना मासा न दिसणारे फोटो पाठवतोस तेही आवडतं. तुला तसं काही वाटत नसेल तर चार मिनिटं झाल्यावर नुसतं सांग, पाणी गार आहे. मी समजेन."

चार मिनिटं. शटर बंद झालं. तरी तो तसाच उभा. मी घाबरले.

"प्रणित? झालं. बोल की."

"पाणी—" तो म्हणाला आणि थांबला. "पाणी काय गार नाय गो. एकदम मस्त हाय."

मग त्याने खुंट सोडून दिला आणि चुबुक चुबुक करत बांधाकडे आला. दात वाजत होते, पण हसू कानापर्यंत.

"तू एक खोटं बोललीस ना? मी दहा बोललो," तो खाली पाण्यातच उभा राहून म्हणाला. "दर रविवारी साडेसहाला उघाडी बघायला आलो, बरोबर? भरतीची वेळ रोज पाऊण-पाऊण तासानं पुढं जाते, वल्लरी. दर रविवारी त्याच वेळेला उघाडीचं काम निघतंय कसं? उघाडी तर आमचा गडी हरेश बघतो. इतकी शिकलीस, एकदा तरी हिशेब करायचास!"

मी तोंडात मारल्यासारखी बघत राहिले. दोन महिने. दोन महिने मी त्या तळ्यातलं पाणी वर-खाली होताना पाहिलं होतं, आणि माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही.

"झाली का रं तुमची चार मिनटं?" मागून आवाज आला. शकूकाकू किटली घेऊन बांधावर उभी. एक पाय पुढे, एक मागे. "कवाची उबी हाय मी. हलायचं नाय ना, म्हनून. चाय पार थंड झाली."

"काकू... तुम्ही सगळं ऐकलंत?"

"कान बंद करायचा नेम नवता ना गो," ती म्हणाली आणि मला बाजूला सारून, पाण्यातून वर आलेल्या मुलाचे गारठलेले हात पदराने घासायला लागली.

सोमवारी मी चारुदत्त सरांना सात फोटो दिले. त्यांनी सातवा बराच वेळ हातात धरला.

"वल्लरी, तू तर कमीत कमीवाली. यात माणूस?"

"एकच तर आहे, सर."

प्रदर्शनाच्या दिवशी आईला घेऊन गेले. तिने ठेवणीतली साडी नेसली होती आणि चष्मा पुसून ती पहिल्या फोटोसमोर उभी राहिली. "यात काही नाही." दुसरा. "यातही काही नाही." तिसरा, चौथा, पाचवा, सहावा... काहीच नाही. सातव्यासमोर ती थांबली. पुढे झाली. चष्मा काढला, पुन्हा घातला.

"हा कोण?"

"प्रणित. तळं त्याचंच आहे. शेंगा पाठवायचे ना, ते."

"थंडीत पाण्यात उभा केलास त्याला?"

"आपणहून उतरला."

आईने परत फोटोत डोकं घातलं. पांढऱ्या पाण्यात चार खुंट स्पष्ट होते. पाचवा स्पष्ट होता. त्याला धरलेले दोन हात, खांदे, सगळं जागच्या जागी.

"पण चेहरा कसा पुसलेला? बाकी सगळं तर नीट आलंय."

"चार मिनिटं हलायचं नसतं, आई. अडीच मिनिटं राहिला नीट. मग हसला."

आई वळली. लेकीकडे कसं बघायचं ते आयांना कुणी शिकवावं लागत नाही.

"मग तू काय बोललीस त्याला?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि तेवढ्यात दारात तो दिसला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात वालाच्या शेंगांची पिशवी, मागे शकूकाकू. आईला माझ्या शेजारी बघून तो उंबऱ्यावरच थबकला होता, एक पाय आत, एक बाहेर, श्वाससुद्धा रोखून. मी सांगेपर्यंत हलणार नव्हता.

मी हात वर केला, आणि हलवून म्हटलं, ये.